मुक्त व्यापार करारातील शुल्कसवलत लहान उद्योगांच्या पदरात का पडत नाही?

शिरोलीकर (धागाकर्ता)

गेल्या काही वर्षांत भारताने मुक्त व्यापार करारांचा सपाटा लावला आहे. मॉरिशसशी १ एप्रिल २०२१ पासून, संयुक्त अरब अमिरातीशी १ मे २०२२ पासून, ऑस्ट्रेलियाशी २९ डिसेंबर २०२२ पासून आणि स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलंड व लिश्टेनश्टाइन या चौघांच्या गटाशी १ ऑक्टोबर २०२५ पासून करार लागू झाले. ब्रिटनशी २४ जुलै २०२५ रोजी सह्या झाल्या. प्रत्येक वेळी वर्तमानपत्रात मथळा एकाच साच्याचा असतो: अमुक इतक्या टक्के मालावर शून्य शुल्क. आमच्या औद्योगिक वसाहतीत मात्र तो मथळा वाचून कोणाच्या ऑर्डर-बुकात फरक पडलेला फारसा दिसत नाही. मी एका व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कारखान्यात कॉस्टिंगचे काम पाहतो. त्या टेबलावरून हा विषय कसा दिसतो, ते मांडण्यासाठी हा धागा काढत आहे.

पहिली गोष्ट अशी की, करार झाला म्हणून शुल्क आपोआप कमी होत नाही. शुल्क भरतो तो समोरच्या देशातला आयातदार. सवलत मागायची असते त्यानेच, आणि ती मागण्यासाठी माल खरोखर भारतात ‘उपजला’ आहे याचा पुरावा द्यायचा असतो आपण. म्हणजे कष्ट निर्यातदाराचे आणि वाचलेले पैसे प्रथम आयातदाराच्या खिशात, अशी ही रचना आहे. त्यातला वाटा दरात मागून घेतला नाही, तर आपल्या हाती फक्त कागदपत्रांचा खर्च उरतो. आमच्याकडचे बरेच जण कोटेशन देताना हा मुद्दाच काढत नाहीत आणि नंतर करारावर खापर फोडतात.

दुसरी गोष्ट ‘मालाचा उगम’ ठरवण्याची. शेतमाल किंवा खाणीतले खनिज असेल तर प्रश्न नसतो; पण कारखान्यात बनलेल्या वस्तूत चार देशांचे भाग असतात. आसियान (आग्नेय आशियाई) देशांशी १ जानेवारी २०१० पासून लागू असलेल्या कराराचा सर्वसाधारण नियम दुहेरी आहे. वस्तूच्या एफओबी किमतीत (आपल्या बंदरात जहाजावर चढवेपर्यंतच्या किमतीत) करारातील देशांचा वाटा किमान ३५ टक्के हवा, आणि बाहेरून आणलेल्या मालाचा सहा-अंकी एचएस उपशीर्षक्रमांक (मालाच्या जागतिक वर्गीकरणातला क्रमांक) तयार वस्तूच्या क्रमांकाहून वेगळा हवा. दोन्ही अटी एकाच वेळी पाळाव्या लागतात.

हे आमच्याच मालावर करून दाखवतो. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. एक बॉल व्हॉल्व्ह घ्या, क्रमांक ८४८१.८०. एफओबी किंमत १,००० रुपये. त्यात चीनहून आलेले मशिनिंग केलेले भाग ४१० रुपयांचे, क्रमांक ८४८१.९०. भागाचा क्रमांक आणि तयार व्हॉल्व्हचा क्रमांक सहाव्या अंकापर्यंत वेगळे आहेत, त्यामुळे क्रमांकबदलाची अट पुरी होते. उरले सील, सीट, बोल्ट, हँडल वगैरे. हे २१० रुपयांचे सामान मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरच्या व्यापाऱ्याकडून येते. त्याच्या बिलावर जीएसटी असतो, माल कोणत्या देशात बनला ते नसते. नियम असा आहे की ज्या मालाचा उगम सिद्ध करता येत नाही, तो परदेशीच धरायचा. म्हणजे ४१० आणि २१० मिळून ६२० रुपये परदेशी, ३८० रुपये आपले. वाटा ३८ टक्के, आपण पास.

आता गिऱ्हाईक म्हणते, पाच टक्के कमी करा. मालक फोनवरच हो म्हणतात. एफओबी झाली ९५० रुपये. परदेशी भाग तितकेच, ६२० रुपयांचे. आपला वाटा उरला ३३० रुपये, म्हणजे ३४.७ टक्के, आणि आपण नापास. तिथला सर्वसाधारण, म्हणजे कराराविना लागणारा, दर समजा १० टक्के असेल, तर पाच टक्क्यांच्या सवलतीपायी गिऱ्हाइकाची दहा टक्क्यांची शुल्कसवलत गेली. दर कमी करूनही माल त्याला महागच पडला. मार्केटिंगच्या खोलीत घेतलेल्या निर्णयाने उगम बदलतो, हे कोणाच्या गावीही नसते. उलट, त्या २१० रुपयांपैकी निम्म्या सामानाचे राजकोटच्या किंवा इथल्याच पुरवठादाराकडून ‘हा माल भारतात बनवला आहे’ असे लेखी घोषणापत्र खर्चाच्या पुराव्यासह घेतले असते, तर परदेशी हिस्सा ५१५ वर आला असता आणि सवलत देऊनही ४५ टक्क्यांच्या पुढे राहिलो असतो. वस्तू तीच, यंत्र तेच, फरक एका पत्राचा.

आणखी एक मेख. तेच चिनी भाग सुटे न आणता संपूर्ण व्हॉल्व्हचा संच म्हणून आणले आणि इथे फक्त जुळवले, तर वर्गीकरणाच्या नियमाने तो सुटा संचदेखील तयार व्हॉल्व्ह म्हणून ८४८१.८० मध्येच जातो. मग क्रमांकबदल होत नाही, आणि नुसती जुळवणी, पॅकिंग, लेबल लावणे यांना हे करार उगम देणारी प्रक्रिया मानतही नाहीत. तिथे वाटा साठ टक्के दाखवला तरी उपयोग नाही.

इतरांचे अनुभव वाचायला आवडतील. आयातीच्या बाजूने काम करणारे कोणी असतील तर त्यांनी अवश्य लिहावे.

बंदरावरचा

धागा उत्तम. मी न्हावा शेव्याला कस्टम ब्रोकर आहे, तेव्हा आयातीची बाजू मांडतो.

आयातदाराला सवलतीचे गणित लवकर कळते, कारण पैसा त्याचाच वाचतो. चाळीस लाखांच्या यंत्रावर मूळ सीमाशुल्क साडेसात टक्के असेल तर ३,००,००० रुपये, त्यावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार ३०,००० रुपये. करारामुळे मूळ शुल्क शून्य झाले की अधिभारही शून्य, म्हणजे ३,३०,००० रुपयांची निव्वळ बचत. आयजीएसटी (आयातीवरचा एकात्मिक जीएसटी) मात्र करारात येत नाही. तो भरावाच लागतो, पण त्याचे क्रेडिट मिळते. नवीन मंडळी हे दोन्ही एकत्र करून बचत फुगवून सांगतात, म्हणून मुद्दाम स्पष्ट केले.

पूर्वी पुरवठादाराकडून आलेले उगम प्रमाणपत्र बिल ऑफ एंट्रीला (कस्टम्सकडे द्यायच्या आयातीच्या विवरणपत्राला) जोडले की काम भागत असे. २०२० च्या वित्त कायद्याने सीमाशुल्क कायद्यात कलम २८डीए आले, आणि त्याखालील, करारातल्या उगमाच्या दाव्यांविषयीचे ‘कॅरोटार’ नियम २१ सप्टेंबर २०२० पासून लागू झाले. तेव्हापासून जबाबदारी थेट आयातदारावर आहे. माल उगमाच्या अटी कशा पूर्ण करतो, कोणती प्रक्रिया झाली, मूल्यवाटा किती, ही माहिती फॉर्म एक मध्ये माल येण्यापूर्वीच आयातदाराच्या हाती हवी, आणि ती बिल ऑफ एंट्रीच्या तारखेपासून किमान पाच वर्षे जपून ठेवावी लागते. अधिकाऱ्याने मागितली की दहा कामकाजाच्या दिवसांत द्यायची. ‘मला ठाऊक नाही, माझ्या पुरवठादाराला विचारा’ हे उत्तर चालत नाही. समाधान झाले नाही तर अधिकारी परदेशातील प्रमाणपत्र देणाऱ्या यंत्रणेकडे पडताळणी पाठवतो. तोवर माल हवा असेल तर शुल्काच्या फरकाइतकी हमी भरून सोडवून घ्यावा लागतो. पडताळणीत दावा पडला तर फरक व्याजासह भरायचा, आणि तोवर माल विकून मोकळे झालेलो असल्याने तो फरक गिऱ्हाइकाकडून वसूल करता येत नाही.

प्रत्यक्षात दावे पडतात ते फार किरकोळ दिसणाऱ्या कारणांनी. आसियानच्या ‘फॉर्म एआय’ या उगम प्रमाणपत्रावर बीजक तिसऱ्या देशातल्या कंपनीचे असेल तर तशी नोंद हवी, माल मलेशियाचा, बीजक सिंगापूरचे आणि रकान्यात खूण नाही, असे कागद माझ्या टेबलावर नेहमी येतात. प्रमाणपत्र माल निघाल्यावर उशिरा दिले असेल तर त्यावर तसा शिक्का हवा, आणि तेही जहाजावर चढवल्यापासून बारा महिन्यांच्या आत. प्रमाणपत्रावरचा एचएस क्रमांक आणि बिल ऑफ एंट्रीतला क्रमांक जुळत नसेल तर प्रश्न निघतोच. यात खरी अडचण अशी की करार एचएसच्या जुन्या आवृत्तीत लिहिलेला असतो. २०१२, २०१७ आणि २०२२ मध्ये क्रमांक बदलले. प्रामाणिक आयातदारही त्यात सापडतो.

आणि थेट वाहतूक. माल वाटेत कोलंबोला किंवा पोर्ट क्लांगला जहाज बदलू शकतो. पण तिथे तो कस्टम्सच्या देखरेखीत राहिला, बाजारात गेला नाही आणि त्यावर काही प्रक्रिया झाली नाही, हे दाखवावे लागते. सलग बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीने पूर्ण प्रवासासाठी दिलेली मालाची पावती) असेल तर सोपे जाते. मधल्या बंदरात नवे बिल फाडले की तुमची सवलत तिथल्याच पाण्यात बुडाली असे समजा.

चाकणचा खरेदीवाला

@बंदरावरचा, तुमचे म्हणणे कायद्याच्या दृष्टीने बरोबर आहे, पण व्यवहार वेगळा आहे. आम्ही एका वाहन-भाग कारखान्यासाठी थायलंडहून सुटे भाग मागवतो. तिथला पुरवठादार प्रमाणपत्र देतो. खर्चाची फोड मात्र द्यायला ठाम नकार देतो. त्याची भीती अशी की त्याचा नफा कळला की आम्ही पुढच्या वाटाघाटीत तोच धरून दर पाडू. खरे सांगायचे तर तसे आम्ही करूही. मग आमच्या वित्त विभागाने सरळ निर्णय घेतला: ज्या भागावर शुल्काचा फरक अडीच टक्क्यांच्या आत आहे, तिथे कराराचा दावाच करायचा नाही, सर्वसाधारण दराने भरून मोकळे व्हायचे. पाच वर्षे कागद सांभाळणे, नोटिशीची टांगती तलवार आणि वकिलाचा खर्च यापुढे ती बचत काहीच नाही.

शिवाय जो माल निर्यातीच्या उत्पादनात जातो तो आम्ही ‘ॲडव्हान्स ऑथरायझेशन’खाली शुल्कमुक्त आणतो. तिथे उगम कोणता हे कोणी विचारत नाही. मग करार कशाला हवा? मुक्त व्यापार करारांचा वापर भारतात कमी होतो म्हणून जी ओरड होते, तिच्यात अशा आयाती धरतात की वगळतात, हे कोणी सांगेल का?

शिरोलीकर (धागाकर्ता)

@चाकणचा खरेदीवाला, शेवटचा मुद्दा कळीचा आहे. वापराची टक्केवारी काढताना छेदस्थानी काय ठेवले, यावर सारे अवलंबून असते. सिंगापूरचे उदाहरण घ्या. आपला करार ऑगस्ट २००५ पासून आहे, पण सिंगापूर मद्याचे मोजके प्रकार वगळता कोणाच्याच मालावर शुल्क घेत नाही. तिथे जाणाऱ्या मालासाठी उगम प्रमाणपत्र काढणारा निर्यातदार उगाच फी भरतो. हा माल हिशेबात धरला तर वापर शून्याजवळ दिसेल, आणि त्यात निर्यातदाराचे अज्ञान नव्हे तर शहाणपण आहे. स्वित्झर्लंडचेही तसेच. त्या देशाने १ जानेवारी २०२४ पासून औद्योगिक मालावरचे सीमाशुल्क सगळ्या जगासाठी काढून टाकले. म्हणजे २०२५ मध्ये लागू झालेल्या कराराने आमच्या व्हॉल्व्हला तिथे शुल्काच्या बाबतीत नवे काही दिले नाही. चीनच्या व्हॉल्व्हलाही तिथे शून्यच आहे. म्हणून माझ्या मते पहिला प्रश्न ‘करार आहे का’ हा नसून ‘सर्वसाधारण दर आणि कराराचा दर यांत अंतर किती’ हा आहे. अंतर नसेल तर पुढचे वाचूच नये.

तुमची अडीच टक्क्यांची रेषा मला पटते, पण ती टक्क्यांत न ठेवता वर्षाच्या एकूण रकमेत ठेवावी. वर्षाला वीस कोटींचा एकच भाग येत असेल तर दोन टक्के म्हणजे चाळीस लाख होतात, आणि कागद एकदाच तयार करायचे असतात. तेच दोनशे प्रकारचे भाग थोडेथोडे येत असतील तर पाच टक्क्यांवरही पाणी सोडणे परवडते.

बंदरावरचा

@चाकणचा खरेदीवाला, पुरवठादाराच्या गुप्ततेवर एक तोडगा आहे. फॉर्म एक साठी लागणारी किमान माहिती, म्हणजे कोणता निकष वापरला, प्रक्रिया कोणती, वाटा साधारण किती, एवढी त्याच्याकडून घ्यावीच लागेल. भागनिहाय किमती मात्र पडताळणीची वेळ आली तर तो आपल्याच देशातील प्रमाणपत्र देणाऱ्या यंत्रणेला परस्पर देऊ शकतो. खरेदी करारातच तसे कलम घाला: पडताळणीत सहकार्य करीन आणि माझ्या माहितीच्या चुकीमुळे सवलत नाकारली गेली तर शुल्काचा फरक भरून देईन. जपानी आणि कोरियन पुरवठादार असे कलम बहुधा मान्य करतात. इतरांशी थोडी घासाघीस करावी लागते.

जेबेल अलीकर

मूळचा साताऱ्याचा, दुबईत बांधकाम साहित्याच्या आयातीत काम करतो. पलीकडच्या बाजूने थोडे.

अमिरातीत बहुतेक मालावर सर्वसाधारण शुल्क पाच टक्के आहे. भारताशी करार झाल्यापासून यादीतल्या मालावर ते शून्य होते किंवा टप्प्याटप्प्याने उतरते. पाच टक्के ऐकायला कमी वाटतात, पण व्यापाऱ्याचा स्वतःचा नफाच जिथे सहा-सात टक्के असतो तिथे ते फार मोठे असतात. सोन्याच्या दागिन्यांचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. मुंबईच्या सीप्झमधून आणि झवेरी बाजारातून येणाऱ्या दागिन्यांवरचे पाच टक्के गेले आणि दुबईतल्या खरेदीदारांची भारतीय मालाकडे पाहण्याची नजर बदलली. तिथे मूल्य प्रचंड, वजन नगण्य, आणि एका प्रमाणपत्रावर कोट्यवधींचा माल जातो. म्हणून कराराचा लाभ त्या धंद्याने पहिल्या दिवसापासून उचलला.

माझ्या धंद्यात मात्र उलट अनुभव आहे. भारतातून जेबेल अलीच्या फ्री झोनमध्ये येणारा पुष्कळसा माल अमिरातीच्या बाजारात जातच नाही. तो पुढे आफ्रिकेला, इराककडे निघून जातो. फ्री झोनमध्ये शुल्कच नाही, त्यामुळे खरेदीदार प्रमाणपत्र मागत नाही, आणि न मागितलेला कागद भारतातला निर्यातदार काढत नाही. कधी कधी तोच माल सहा महिन्यांनी फ्री झोनमधून दुबईच्या बाजारात विकायची वेळ येते. मग धावाधाव सुरू होते. मूळ निर्यातदार म्हणतो, आता ते कागद कोण शोधणार?

शिरोलीकरांनी म्हटले की बचत आयातदाराच्या खिशात जाते. तशी ती जाते, नाकारत नाही. पण आम्हालाही दर वर्षी कोणीतरी दर पाडून विकणारा तुर्की किंवा चिनी स्पर्धक समोर असतोच, आणि ती बचत बहुतेक वेळा गिऱ्हाइकाला द्यावी लागते. निर्यातदाराला त्यातून मिळते ती ऑर्डर टिकण्याची शक्यता. कोटेशनमध्ये दोन ओळी लिहा: ‘प्रमाणपत्रासह दर अमुक, प्रमाणपत्राशिवाय दर तमुक.’ आमच्याकडच्या खरेदी विभागाला तेव्हाच कळते की या कागदाला किंमत आहे. असे लिहिणारे भारतीय निर्यातदार मला फार थोडे भेटले.

निफाडचा बागाईतदार

शेतमालाला उगमाचा प्रश्न नसतो हे धागाकर्त्यांचे म्हणणे खरे आहे. द्राक्ष इथल्या वेलीवर लागते, त्यात चिनी भाग नसतो. पण म्हणून आम्ही सुखी आहोत असे नाही. युरोपच्या बाजारात चिली, पेरू आणि दक्षिण आफ्रिका यांची द्राक्षे त्यांच्या करारांमुळे शुल्काविना उतरतात आणि वर्षानुवर्षे आम्ही शुल्क भरून त्यांच्या शेजारच्या फळीवर बसत आलो आहोत. दुसरीकडे, जिथे शुल्काची अडचण नाही तिथे वनस्पती-आरोग्याच्या अटी आडव्या येतात. जपानला आंबा पाठवायचा तर बाष्प-उष्णता प्रक्रिया लागते. ती सोय असलेल्या केंद्रातून माल गेला नाही तर शुल्क शून्य असो की शंभर, पेटी विमानात चढत नाही. कीटकनाशकांच्या उर्वरित अंशांची तपासणी, बागेची नोंदणी, पॅकहाऊसची मान्यता हे सारे आधी, शुल्क त्यानंतर. त्यामुळे करारातल्या शुल्काच्या यादीइतकेच त्यातले आरोग्यविषयक प्रकरणही वाचावे, अशी विनंती.

शंकेखोर

सगळे निर्यातीचे गोडवे गात आहेत, म्हणून दुसरी बाजू. उद्योग सवलतीचा वापर करतात त्याप्रमाणे पळवाटही काढतात, आणि त्याची किंमत दुसऱ्या उद्योगाला मोजावी लागते. श्रीलंकेशी करार २००० साली लागू झाला. श्रीलंकेत पाम तेल मुबलक पिकत नसताना तिथून वनस्पती तुपाचे टँकर इकडे येऊ लागले. आग्नेय आशियातले तेल तिथे आणायचे, प्रक्रिया करायची, ३५ टक्के मूल्यवाढ दाखवायची आणि भारतात विनाशुल्क उतरवायचे. शेवटी वर्षाला अडीच लाख टनांची मर्यादा घालावी लागली. मिरीचेही तेच झाले. अगदी अलीकडचे म्हणजे इंडोनेशियातून आसियान कराराखाली विनाशुल्क येणारे साधे सोन्याचे दागिने. जुलै २०२३ मध्ये सरकारने त्या प्रकारच्या आयातीवर निर्बंध आणला, तेव्हा ती वाट बंद झाली. भारतात सोन्यावर तेव्हा पंधरा टक्के शुल्क होते, आणि दागिना वितळवला की सोनेच उरते!

चाकणच्या मित्रांना कॅरोटार जाचक वाटतो, पण तो काही आकाशातून पडलेला नाही.

बंदरावरचा

@शंकेखोर, सहमत, फक्त एक पुरवणी. ज्या मालावर आपले सर्वसाधारण शुल्क फार चढे असते तिथेच अशा वाटा फुटतात. वनस्पती तूप, मिरी, सुपारी, सोने. यादी पाहिली तर सगळीकडे शुल्काचे अंतर मोठे. साडेसात टक्क्यांच्या मालासाठी कोणी तिसऱ्या देशात कारखाना थाटत नाही. अडचण अशी की अधिकाऱ्याच्या हातात चाळणी एकच आहे, आणि तिच्यातून सुपारीवाल्याबरोबर बेअरिंगवालाही जातो.

नवउद्योजिका

सर्वांचे प्रतिसाद वाचून बरीच स्पष्टता आली. माझे इचलकरंजीत तयार कपड्यांचे छोटे युनिट आहे. ऑस्ट्रेलियातील एका खरेदीदाराने प्रथमच विचारणा केली आहे आणि ‘कराराखालील प्रमाणपत्र देऊ शकता का’ असे विचारले आहे. कापड स्थानिक आहे, पण बटणे, चेन आणि काही अस्तर मुंबईच्या बाजारातून येते, त्याचा देश ठाऊक नाही. शिलाईचा काही भाग जॉबवर बाहेर दिला जातो. सुरुवात कुठून करावी?

शिरोलीकर (धागाकर्ता)

ताई, सुरुवात प्रमाणपत्राच्या अर्जापासून नको, कपड्याच्या सहा-अंकी एचएस क्रमांकापासून करा. मागावर विणलेला की निटेड, सुती की मिश्र धाग्याचा, पुरुषांचा की स्त्रियांचा, यावर तो बदलतो. खरेदीदाराला लेखी विचारा की त्याच्या कस्टम ब्रोकरच्या मते क्रमांक कोणता आहे. दोघांचा क्रमांक पहिल्या मालापूर्वीच जुळलेला बरा. त्यानंतर करारातील वस्तुनिहाय नियमांच्या परिशिष्टात त्या क्रमांकासमोर काय लिहिले आहे ते शब्दशः वाचा. वर मी दिलेला ३५ टक्क्यांचा नियम आसियानचा आहे. ऑस्ट्रेलियाच्या करारात तुमच्या मालाला तोच लागेल असे धरू नका. प्रत्येक कराराचा नियम वेगळा असतो, आणि एका कराराखाली पास झालेली वस्तू दुसऱ्याखाली नापास होऊ शकते.

मग एका कपड्याचे खर्चपत्रक बनवा. त्यात तीन स्तंभ ठेवा: भारतीय आणि पुरावा असलेले, परदेशी, आणि उगम माहीत नसलेले. तिसरा स्तंभ दुसऱ्यात मिळवून पाहा. तरीही नियम पाळला जात असेल तर बटणांच्या मागे लागण्याची गरजच नाही. काठावर असाल तर अस्तराचा पुरवठादार आधी बदला, कारण बटणापेक्षा त्याची किंमत जास्त आणि भारतीय अस्तर सहज मिळते. कापड घेता त्या यंत्रमागधारकाकडून घोषणापत्र घ्या, आणि त्याने सूत कुठून घेतले तेही त्यात लिहून घ्या. कपड्यांच्या नियमात कधी कधी प्रश्न कापडापाशी न थांबता सुतापर्यंत जातो. जॉबचे काम भारतातच होत असेल तर अडचण नाही, मात्र जॉबची चलने आणि बिले त्या खर्चपत्रकाला जोडलेली असावीत.

अर्ज विदेश व्यापार महासंचालनालयाच्या ऑनलाइन पोर्टलवर करावा लागतो. आयईसी (आयात-निर्यातदार) क्रमांक लागेल, आणि सही डिजिटल प्रमाणपत्राने किंवा आधारवरून करता येते. प्रमाणपत्र देणारी संस्था निवडताना वस्त्रोद्योगाच्या मालाची सवय असलेली निवडा. वस्त्रोद्योग समितीचे मुख्यालय मुंबईत प्रभादेवीला आहे, त्यांच्या जवळच्या कार्यालयात एकदा खर्चपत्रक दाखवून आलात तर पहिल्या अर्जातल्या शंका तिथेच मिटतील. अर्ज माल निघण्याच्या आधी करा.

आणि जेबेल अलीकरांनी सांगितलेल्या दोन ओळी कोटेशनमध्ये नक्की घाला. ऑस्ट्रेलियात कपड्यांवर सर्वसाधारण दर पाच टक्के आहे. खरेदीदाराने स्वतःहून प्रमाणपत्र विचारले आहे, म्हणजे त्याने ते पाच टक्के आधीच आपल्या हिशेबात धरलेले आहेत. दर त्यानंतरच सांगा.